पानांमधला चेहरा : एका प्रतीकाचे आधुनिक पुनरुज्जीवन

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये तिसऱ्या चार्ल्स राजाचा राज्याभिषेक झाला, आणि त्या सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिकेवर, रानफुलांच्या महिरपीच्या तळाशी मधोमध, एक चेहरा रंगवलेला होता. ओक, आयव्ही आणि हॉथॉर्न या तीन वनस्पतींच्या पानांतून तो आकाराला आला होता आणि त्याच्या मस्तकावर मुकुटही पानांचाच होता. कुलचिन्हे आणि हस्तलिखिते रंगवण्याच्या जुन्या कलेत पारंगत असलेल्या अँड्र्यू जेमिसन यांनी ही पत्रिका चितारली होती. चेहऱ्याचे नाव ‘ग्रीन मॅन’, म्हणजे हिरवा पुरुष, असून तो ब्रिटिश लोकपरंपरेतील प्राचीन आकृती आणि वसंताचे, नवजीवनाचे प्रतीक आहे, अशी माहिती राजवाड्याकडून देण्यात आली.

ख्रिस्ती धर्मविधीने होणाऱ्या राज्याभिषेकाच्या पत्रिकेवर निसर्गदेवतेसारखी दिसणारी ही आकृती कशी आली, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु त्याच्याही मुळाशी दुसरा, अधिक अवघड प्रश्न आहे. चर्चच्या दगडांवर कोरलेले असे चेहरे आठ-नऊ शतके जुने आहेत हे खरे. मात्र त्यांना ‘ग्रीन मॅन’ हे नाव मिळाले ते १९३९ साली, आणि वसंताचा देव म्हणून त्यांची जी कथा आज सांगितली जाते तीही साधारण त्याच काळात जुळवली गेली. आकृती जुनी, नाव नवे आणि अर्थ त्याहून नवा, अशी ही रचना असताना ते सगळे मिळून प्राचीन कसे वाटू लागते, हे समजून घेतले की निसर्गप्रतीकांचे पुनरुज्जीवन कसे घडते याची प्रक्रियाच उलगडते.

दगडावर चेहरा का उगवला?

पानांनी बनलेल्या चेहऱ्यांचा माग काढत गेल्यास तो रोमन साम्राज्यापर्यंत पोहोचतो. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील रोमन इमारतींच्या सजावटीत अकँथसच्या पानांतून घडवलेले मुखवटे आढळतात. अकँथस ही भूमध्य सागराच्या परिसरातील, कातरलेल्या मोठ्या पानांची वनस्पती असून ग्रीक-रोमन स्तंभांच्या माथ्यावर तिची पाने कोरण्याची रीत होती. पुढे सहाव्या शतकात जर्मनीतील ट्रिअर येथील कॅथीड्रलची दुरुस्ती करताना बिशप निसेटियस याने जवळच्या पडक्या रोमन वास्तूतील, असे मुखवटे असलेले स्तंभशीर्ष उचलून चर्चमध्ये बसवले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण जुन्या धर्माची आकृती नव्या धर्माच्या वास्तूत शिरण्यासाठी जुनी श्रद्धा गुप्तपणे टिकून राहावीच लागते असे नाही, चांगला घडवलेला दगड पुन्हा वापरावासा वाटणे एवढे कारणही पुरते, हे त्यातून दिसते.

अकरा-बाराव्या शतकांपासून फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमधील चर्चच्या बांधकामात हे चेहरे मोठ्या संख्येने दिसू लागले. त्याचे एक कारण शिल्पकाराच्या कामातच दडलेले आहे. वेलबुट्टी कोरणाऱ्याला वेल कोठून सुरू करायची हे ठरवावे लागते. कुंडी, मूळ किंवा गाठ यांपैकी काहीतरी आरंभस्थान लागते. त्या जागी एखादे मुख कोरले आणि वेल त्याच्या तोंडातून काढली, की आरंभ मिळतो आणि दोन्ही बाजूंना सारखी पाने सोडून तोलही साधतो. शिवाय गॉथिक पद्धतीच्या छतात दगडी फासळ्या जेथे एकमेकींना मिळतात तेथे एक गोलसर दगड बसवावा लागतो, आणि वाटोळ्या दगडाला चेहऱ्याइतका सहज भरून काढणारा दुसरा आकार नाही. तेराव्या शतकातील फ्रेंच कलावंत विलार द ओनकूर याच्या चित्रवहीत अशा पर्णमुखांची रेखाटने सापडतात. म्हणजे हे नमुने कारागिरांच्या हातांतून एका बांधकामावरून दुसऱ्या बांधकामावर जात होते.

दुसरे कारण पाहणाऱ्याच्या मेंदूत आहे. दोन ठिपके आणि खाली एक रेघ एवढ्यावरूनही माणसाला चेहरा दिसतो. ढगांत, खडकांवर, झाडाच्या खोडावर चेहरे दिसण्याच्या या प्रवृत्तीला मानसशास्त्रात ‘पॅरायडोलिया’ म्हणतात. पर्णमुखाचे सामर्थ्य याच प्रवृत्तीवर उभे आहे. त्याकडे पाहताना नजर आधी पाने ओळखते, मग डोळे ओळखते आणि पुन्हा पानांकडे वळते, आणि आपण झाड पाहत आहोत की माणूस याचा निकाल मेंदूला लावता येत नाही. ज्या आकृतीचा निकाल लागत नाही ती मनात राहते. भाविकाला तिचा अर्थ माहीत असो वा नसो, ती विसरली जात नाही.

> चौकट : पर्णमुखाचे प्रकार
>
> पर्णमुखे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात चेहराच पानांचा बनलेला असतो. भुवया, गाल आणि दाढी ही पानांचीच टोके असतात. जर्मनीतील बांबर्ग कॅथीड्रलमध्ये प्रसिद्ध अश्वारूढ पुतळ्याच्या आधारशिळेवर असलेले तेराव्या शतकातील पर्णमुख या प्रकारचा उत्तम नमुना मानले जाते. दुसऱ्या प्रकारात चेहरा माणसाचा किंवा पशूचा असतो आणि वेली त्याच्या तोंडातून, काही वेळा नाकपुड्यांतून, कानांतून किंवा थेट डोळ्यांतून बाहेर पडतात. आजच्या बागांमध्ये टांगल्या जाणाऱ्या ग्रीन मॅनच्या मूर्ती बहुधा पहिल्या प्रकारच्या, प्रसन्न चेहऱ्याच्या असतात. मध्ययुगीन चर्चमध्ये मात्र दुसरा, अस्वस्थ करणारा प्रकार विपुल आहे.

मध्ययुगाचे मौन

हे चेहरे कोरणाऱ्यांनी त्यांचा अर्थ लिहून ठेवलेला नाही, आणि त्यांच्या काळातील कोणत्याही धर्मग्रंथात त्यांचे थेट स्पष्टीकरण मिळत नाही. अभ्यासकांना आसपासच्या पुराव्यांवरून अंदाज बांधावा लागतो. नवव्या शतकातील धर्मपंडित राबानुस माउरुस याने पानांचा संबंध देहाच्या पापांशी जोडला होता. मध्ययुगात लोकप्रिय असलेल्या एका आख्यायिकेनुसार मृत आदमच्या तोंडात त्याच्या मुलाने स्वर्गातील झाडाचे बी ठेवले आणि त्यातून वाढलेल्या वृक्षाच्या लाकडाचा पुढे येशूचा क्रूस झाला. मृताच्या मुखातून झाड उगवण्याची ही कल्पना काही पर्णमुखांच्या मागे असू शकेल.

या विषयाचा पहिला सखोल आणि सचित्र ग्रंथ वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक कॅथलीन बॅसफर्ड यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. युरोपभरच्या चर्चमधून त्यांनी या चेहऱ्यांची छायाचित्रे जमवली आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा वसंतोत्सवाचा आनंद त्यांना फारसा कोठे आढळला नाही. कपाळावर आठ्या, तिरळे डोळे, वेदनेने उघडलेले तोंड, डोळ्यांच्या खोबणीतून घुसून बाहेर आलेल्या फांद्या असे हे चेहरे त्यांना मृत्यूची, पापाची आणि देहाच्या नश्वरतेची आठवण करून देणारे वाटले. माणसाचा देह गवतासारखा सुकून जातो, हा बायबलमधील विचार तेव्हाच्या भाविकांच्या रोजच्या ऐकण्यातला होता. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल मिन्स्टर या चर्चमध्ये तेराव्या शतकाच्या अखेरीस कोरलेली ओक, मेपल, हॉप्स, हॉथॉर्न यांची पाने इतकी हुबेहूब आहेत की झाडांच्या जाती ओळखता येतात. तेथील शिल्पकाराला निसर्गाविषयी प्रेम होते यात शंका नाही. पण निसर्गावरचे प्रेम आणि निसर्गाच्या हाती शेवटी आपला देह जाणार आहे याचे भय, ही दोन्ही एकाच मनात, एकाच छिन्नीत असू शकतात, आणि पर्णमुखांमध्ये ती दोन्ही आहेत असे मानणे अधिक न्याय्य ठरते.

१९३९ : नाव आणि कथा

मार्च १९३९ मध्ये लंडनच्या ‘फोकलोर’ या लोकविद्येच्या नियतकालिकात लेडी रॅगलन यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. मॉनमथशायरमधील लँगम या गावच्या चर्चमध्ये तेथील धर्मगुरूंनी त्यांना तोंडातून पाने निघणारा एक चेहरा दाखवला होता. लेडी रॅगलन यांचे म्हणणे असे की, अशा आकृती केवळ कल्पनेतून येत नाहीत, त्यांच्यामागे प्रत्यक्ष माणूस असला पाहिजे. आणि तो माणूस म्हणजे मे महिन्याच्या उत्सवात पानांनी झाकून मिरवला जाणारा पुरुष. इंग्लंडमधील अनेक जुन्या मद्यगृहांच्या पाट्यांवर असलेले ‘ग्रीन मॅन’ हे नाव त्यांनी या चेहऱ्याला दिले आणि त्याच्याशी ‘जॅक इन द ग्रीन’ हा पानांचा सोंगाड्या, मे महिन्याचा राजा आणि रानात राहणारा रॉबिन हूड यांची सांगड घातली.

जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी तशी ही जोडणी होती. प्रत्येक तुकडा खराच जुना होता, परंतु प्रत्येकाचे वय वेगळे होते, मूळ वस्त्र वेगळे होते, आणि ते एकत्र येऊन जी नवी वस्तू तयार झाली तिचा जन्म मात्र शिवणाऱ्या हातांपाशीच झाला. चर्चमधले चेहरे मध्ययुगातले, रोमन वारशाचे. मद्यगृहांचे नाव सोळाव्या-सतराव्या शतकांतील मिरवणुकांत पाने अंगाला बांधून, आतषबाजी करत पुढे चालून वाट मोकळी करणाऱ्या सोंगांवरून आलेले. तर जॅक इन द ग्रीन त्याहूनही अलीकडचा. त्यांना एकत्र आणणारा धागा कोणता, हे पाहण्यासाठी त्या काळातील विद्वत्तेकडे वळावे लागते.

एकोणिसाव्या शतकात मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली ‘अवशेष’ ही संकल्पना मांडली होती. एखाद्या प्रथेमागची श्रद्धा नष्ट झाली तरी प्रथा सवयीने चालू राहते, म्हणून खेड्यापाड्यांतील आजच्या चालीरीतींवरून प्राचीन धर्माची कल्पना करता येते, असा तिचा आशय. जेम्स फ्रेझर यांनी १८९० पासून ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथातून ही पद्धत जगभरच्या प्रथांना लावली आणि दर वर्षी मरून पुन्हा जन्म घेणारा वनस्पतींचा देव हे त्या सर्वांचे मूळ असल्याचे सुचवले. या ग्रंथाचा प्रभाव विलक्षण होता. १९३९ च्या सुशिक्षित इंग्रज वाचकाच्या मनात वनस्पतिदेवाची जागा आधीच तयार होती. त्या जागेवर बसवण्यासाठी चेहरा तेवढा हवा होता, आणि तो लँगमच्या चर्चमध्ये सापडला. पुढे कलेतिहासकार निकोलस पेव्हस्नर यांनी इंग्लंडमधील वास्तूंची जिल्हावार ओळख करून देणाऱ्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथमालेत हे नाव वापरले, तेव्हा ते चर्च पाहायला जाणाऱ्या सर्वसामान्य माणसाच्या तोंडी आले. नाव मिळाल्यावर आकृती सर्वत्र दिसू लागली. जे चेहरे शतकानुशतके छताच्या अंधारात दुर्लक्षित होते, ते लोक मान वर करून शोधू लागले.

पुरावा विरोधात, तरी प्रसार वाढता

१९७८ साली बॅसफर्ड यांनी चर्चमधील चेहऱ्यांचा आनंदी अर्थ शंकास्पद ठरवला, आणि लगेच १९७९ साली रॉय जज या अभ्यासकांनी जॅक इन द ग्रीनचा इतिहास कागदपत्रांतून तपासून तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याचे दाखवून दिले. म्हणजे १९३९ च्या जोडणीतील दोन्ही मुख्य टाके दोन वर्षांत उसवले गेले. तरीही ग्रीन मॅनची लोकप्रियता खऱ्या अर्थाने वाढली ती त्यानंतरच. लोकांना पुराव्याची पर्वा नव्हती, असे म्हणून हा विरोधाभास निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्याचे कारण त्या काळाच्या गरजेत शोधावे लागते.

रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ च्या पुस्तकाने कीटकनाशकांचे दुष्परिणाम जगापुढे आणले होते आणि १९७० साली पहिला वसुंधरा दिन पाळला गेला होता. पर्यावरणाची चिंता आकडे आणि आलेख यांतून समजते, परंतु मनाला तिचा चेहरा दिसत नाही. झाड आणि माणूस एकाच देहात दाखवणारी, कोणत्याही एका पंथाची मालकी नसलेली, आणि अर्थाच्या बाबतीत मोकळी अशी आकृती त्या चिंतेला हवी होती. विल्यम अँडरसन यांनी छायाचित्रकार क्लाइव्ह हिक्स यांच्यासह १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ग्रीन मॅनला मानव आणि पृथ्वी यांच्या ऐक्याचे आदिरूप म्हटले, तेव्हा ही गरज त्या पुस्तकाने पूर्ण केली. १९५१ साली ब्रिटनमधील जादूटोणाविरोधी जुना कायदा रद्द झाल्यानंतर उघडपणे वाढू लागलेल्या नव-मूर्तिपूजक पंथांनाही देवीच्या जोडीला वनाचा पुरुषदेव हवा होता. शिल्पे, बागेतील मूर्ती, कादंबऱ्या आणि २००३ पासून वेल्समध्ये भरणारा त्याच नावाचा संगीतमहोत्सव, असा हा विस्तार निमंत्रणपत्रिकेपर्यंत येऊन पोहोचला. आयुष्यभर सेंद्रिय शेतीचा आणि निसर्गरक्षणाचा पुरस्कार केलेल्या राजाने हे चिन्ह आपल्या पत्रिकेवर घेणे त्या दृष्टीने सुसंगतच होते.

मध्ययुगाच्या मौनाचाच येथे उपयोग झाला. ज्या प्रतीकाचा अर्थ ग्रंथांत पक्का नोंदलेला असतो त्यात नवा अर्थ भरणे कठीण जाते. ज्याचे रूप प्रभावी आहे आणि अर्थ मात्र हरवला आहे, ते नव्या काळाच्या हाती लवकर येते.

कीर्तिमुख आणि पालघट

मराठी वाचकाला पर्णमुख पाहताच आपल्या मंदिरांच्या उंबरठ्यावरचे, स्तंभांवरचे आणि मखराच्या माथ्यावरचे कीर्तिमुख आठवेल. बटबटीत डोळे, खालचा जबडा नसलेले सिंहासारखे मुख आणि त्यातून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या माळा किंवा वेली हे साम्य खरोखर लक्षवेधी आहे; भारहूतच्या प्राचीन स्तूपावरही यक्षाच्या मुखातून निघणारी कमळवेल कोरलेली आहे. त्यामुळे पर्णमुख भारतातून युरोपात गेले असावे, असे काही लेखकांनी सुचवले आहे. मात्र प्रवासाचा टप्प्याटप्प्याचा पुरावा हाती नसताना, वेलीला आरंभ देण्याची शिल्पकाराची अडचण दोन्हीकडे सारखीच होती हे स्पष्टीकरण अधिक विश्वासार्ह वाटते. शिवाय कीर्तिमुखाची कथा पुराणांत स्पष्ट आहे: जालंधराचा दूत म्हणून आलेल्या राहूला खाण्यासाठी शिवाच्या क्रोधातून एक भुकेला गण उत्पन्न झाला, राहूला अभय मिळाल्यावर शिवाज्ञेने त्याने स्वतःचेच शरीर खाल्ले, आणि उरलेल्या मुखाला शिवाने आपल्या दारात मानाचे स्थान दिले. ही कथा जिवंत असल्याने कीर्तिमुखाला आजवर कोणी वसंतदेव केले नाही.

पुनरुज्जीवनाचा वेगळा मार्ग पालघर जिल्ह्यातील वारली चित्रांत दिसतो. लग्नाच्या वेळी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाशिणी जो चौक लिहितात त्याच्या मध्यभागी पालघट ही वनस्पतींची आणि सुफलनाची देवी असते. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ही रेषा भिंतीवरून कागदावर आणली, जगभर तिचे नाव झाले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथे प्रतीकाचा अर्थ सांगणारी माणसे हयात आहेत. म्हणून कपबश्या आणि पडद्यांवर तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाच तेवढा उचलून पालघट वगळली जाते, तेव्हा काय गळाले हे वारली स्त्रियांना विचारता येते, आणि ते विचारले गेले पाहिजे. लँगमच्या शिल्पकाराला विचारण्याची सोय १९३९ सालीही नव्हती.

जॅकच्या पानांखाली कोण होते?

तरीही ग्रीन मॅनच्या कथेत एक घटक असा आहे की ज्याची माणसे इतिहासात शोधता येतात, आणि देवाच्या कथेने त्यांना झाकून टाकले, ही या पुनरुज्जीवनाची सर्वांत खेदाची बाजू आहे. जॅक इन द ग्रीन म्हणजे वेताचा शंकूसारखा उंच सांगाडा, तो पानाफुलांनी मढवायचा आणि आत एका माणसाने उभे राहून नाचत नाचत रस्त्यातून हिंडायचे. रॉय जज यांच्या संशोधनानुसार ही प्रथा लंडन आणि आसपासच्या शहरांतील धुराडी साफ करणाऱ्या कामगारांची होती. काजळीत राबणाऱ्या या अतिगरीब माणसांना आणि अरुंद धुराड्यांत चढवल्या जाणाऱ्या लहान मुलांना १ मे हा मिरवण्याचा आणि पैसे मागण्याचा हक्काचा दिवस होता, कारण हिवाळा संपला की धुराड्यांचे काम आणि कमाई दोन्ही घटत असत. शहरातील कष्टकऱ्यांनी पोटासाठी रचलेले हे सोंग विसाव्या शतकात खेड्यातील प्राचीन वनदेवाचा अवशेष म्हणून ओळखले गेले.

१९७८ साली ब्रिटनमध्ये मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी सुरू झाल्यावर या मिरवणुकांना नवा वाव मिळाला. हेस्टिंग्ज येथे १९८३ पासून दर वर्षी पानांनी मढवलेला जॅक वाजतगाजत किल्ल्याच्या टेकडीवर नेला जातो, तेथे उन्हाळ्याला मोकळे करण्यासाठी त्याचा वध केला जातो आणि त्याची पाने लोक घरी नेतात. मरणाऱ्या देवाचा हा विधी फ्रेझर यांच्या ग्रंथातून आलेला आहे, धुराडी साफ करणाऱ्यांकडून नव्हे. पण चार दशकांत तो त्या गावाचा आपला झाला आहे, आणि लहानपणापासून तो पाहत मोठ्या झालेल्या माणसांच्या दृष्टीने तो परंपराच आहे. केंट परगण्यातील रोचेस्टर येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या उत्सवाने दुसरी वाट धरली. तेथेही जॅक पानांनी मढलेला असतो आणि १ मेच्या पहाटे त्याला उठवले जाते, परंतु उत्सवाचे नावच धुराडी साफ करणाऱ्यांचे आहे आणि मिरवणुकीत त्यांच्या वेषातील मुले-माणसे जॅकच्या बरोबरीने चालतात.